पीलूचे दुसरे घर

पीलू म्हटला की संस्कृतज्ञ वाचकांस पंजाब-सिंधकडील रुक्ष प्रदेश आठवतो. कर्णपर्वात कर्ण शल्यास टोचून बोलतो, त्या वाहीकदेशाच्या वर्णनात शमी व करीर ह्यांच्या जोडीने पीलूची वने येतात. पाणिनी तर गांधारातील शलातुरचा. पीलू पिकण्याच्या काळास ‘पीलुकुण’ हा स्वतंत्र शब्द त्याच्या व्याकरणात सिद्ध झाला आहे. ज्या फळाच्या हंगामाची दखल वैयाकरणाने घ्यावी, ते लोकांच्या नित्य परिचयाचे असलेच पाहिजे, असे आम्हांस वाटते. राजस्थानात अद्यापि त्याच्या दोन जाती ओळखतात: मीठा जाळ व खारा जाळ. पैकी खाऱ्या जातीस लिनीअसने १७५३ साली ‘साल्वादोरा पर्सिका’, म्हणजे इराणची, असे नाव दिले. अरबांचे ‘मिसवाक’ हे दातवण हिचेच.

आता महाप्याकडे वळू. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ह्या गावी वर्षास ८० इंचांहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही पश्चिमेस ठाण्याच्या खाडीकाठी, तिवरांच्या पाठीशी, हीच खारी जात वाढते! मराठीत तिला खाकण असेही नाव आहे. मरुभूमीचे झुडूप इतक्या पावसात कसे, हे कोडे वाटते खरे. परंतु मुळांस पाणी मिळत नसेल तर आभाळातून किती पडले ह्यास महत्त्व नाही. खाजणाच्या चिखलात पाणी तुडुंब असते, पण क्षारामुळे ते मुळांस सहज ओढून घेता येत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिम्पर ह्याने १८९८ मध्येच ह्या प्रकारच्या कोरडेपणाची मीमांसा केली होती. पीलू क्षार आपल्या मांसल पानांत साठवितो आणि तगतो.

क्षारास तो पुरून उरला; मातीच्या भरावापुढे मात्र त्याचे काही चालत नाही. नित्याची भरती तिवरांपर्यंत येते, पीलू त्यांच्या मागे, जमिनीच्या अंगास, जेथे केवळ उधाणाचे पाणी पोचते. १९७० साली सिडको स्थापन झाली व पुढे खाजणांवर माती पडून वसाहती उठल्या. माती टाकणारा जमिनीकडूनच येत असल्यामुळे पहिला मारा पीलूवर! मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तिवरांभोवतीच्या ५० मीटरांच्या पट्टीसही संरक्षण दिले. पीलूचे ठिकाण नेमके ह्याच पट्टीत. फीत मात्र शेवटच्या तिवराच्या बुंध्यापासून धरावयाची असते, आणि तो बुंधा कोठे होता हे भराव पडल्यानंतर कोण सांगणार?