रिकाम्या जागेचा प्रवास



माझ्या लहानपणीं खांद्याला अडकवून नेतां येणाऱ्या रेडिओला सारेजण नुसतें ‘ट्रॅन्झिस्टर’ म्हणत. वस्तुतः तें नांव त्या पेटीचें नव्हे. तिच्या पोटांतील शेंगदाण्याएवढ्या घटकांचें. त्या काळच्या पुष्कळशा संचांत हे घटक ‘पीएनपी’ जातीचे असत. ‘पी’ थरांत ऋण विद्युत्कणांची उणीव असते आणि ती उणीवच प्रवाह वाहते, असें मी शिकवीत असतां एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, जें नाहींच, तें चालतें कसें?” मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

पूर्वीं क्षीण संदेश बलवान करण्याचें काम निर्वात नळ्या करीत. त्या तापत, वीज फार खात व कालांतरानें जळत. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचीं दोन टोंकें अगदीं निकट टेकविलीं, आणि एका टोंकास दिलेला संदेश दुसऱ्यावर वाढून मिळाला. त्या तुकड्यांतही रिकाम्या जागाच काम करीत होत्या. ३० जून १९४८ रोजीं ही वार्ता जाहीर झाली. १९५६ मध्यें विल्यम शॉकली यांच्यासह दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

त्या मुलीस उत्तर अखेर वर्गांतील बांकानेंच दिलें. डाव्या टोंकाची जागा रिकामी होती. शेजारचा मुलगा तेथें सरकला, त्याच्या जागीं पुढचा. मुलें डावीकडे सरकलीं. रिकामी जागा मात्र उजवीकडे गेली. मुलें म्हणजे ऋण विद्युत्कण. रिकामी जागा धन कणासारखी वागते. पीएनपीमध्यें दोन ‘पी’ थरांच्या मध्यें ‘एन’चा अत्यंत पातळ पापुद्रा असतो, त्यास बेस म्हणतात. बेस हा एमिटरहून किंचित् ऋण ठेविला, कीं एमिटरमधील रिकाम्या जागा त्यांत शिरतात आणि बहुतेक साऱ्या पलीकडील अधिक ऋण अशा कलेक्टरमध्यें पोंचतात. अशा रीतीनें बेसचा अल्प प्रवाह मोठ्या प्रवाहास आवरतो. धरणाचें दार फिरविणाऱ्या हातास पाण्याचें बळ पुरवावें लागत नाहीं, तसेंच हें.

जर्मेनियमच्या चकतीस दोन्ही बाजूंनीं इंडियमचे मणी लावून तापविलें, कीं दोहोंकडे ‘पी’ थर तयार होत. म्हणून १९५० नंतरच्या दशकांत पीएनपीचा बराच प्रसार झाला. पुढें उष्णता अधिक सोसणारें सिलिकॉन आलें. शिवाय विद्युत्कण रिकाम्या जागांहून चपळ, म्हणून ‘एनपीएन’नें आघाडी घेतली. तथापि पीएनपी निरुपयोगी झालेला नाहीं. ध्वनिवर्धकांत लाटेचा अर्धा भाग एनपीएन उचलतो, तर उरलेला अर्धा पीएनपी. आणि उपकरणास होणारा पुरवठा धन बाजूनें चालू-बंद करण्यासही तो उपयोगी पडतो.

हजेरीपटावर गैरहजर मुलांपुढें मीं वर्षानुवर्षें शून्य मांडलें, आणि शून्य म्हणजे कांहींच नाहीं, असें मानलें. त्या मुलीच्या प्रश्नानें माझी ती समजूत दूर केली.