वसईचा धर्मग्राम

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार झाला आणि दुर्गजवळच्या माळावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीमागोमाग जी नगरी वसली, तिच्यात माणसे आधी आली आणि प्रार्थनामंदिरे मागाहून. केरळातून, तमिळनाडूतून, छोटा नागपूरच्या पठारावरून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना रविवारच्या उपासनेसाठी एकत्र यावेसे वाटले, आणि त्यातून तेथील चर्च आकाराला आले. ज्या रायपूरच्या धर्मक्षेत्रात ही नगरी मोडते, ते क्षेत्रसुद्धा १९६४ मध्ये वेगळे काढण्यात आले आणि १९७३ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. असे चर्च म्हणजे परमुलखात आलेल्या माणसांनी परस्परांना धरून राहण्यासाठी बांधलेले घर होय. त्याचा सारा इतिहास एखाद्या आजोबांच्या आठवणीत मावतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसईत, हा क्रम नेमका उलटा आहे. तेथे चर्च आले ते राज्यकर्त्यांबरोबर. राज्यकर्ते गेले, आणि चर्च ज्यांच्यासाठी बांधले होते ती माणसे आपल्याच वाडीत, आपल्याच विहिरीच्या काठी राहिली. परकीय सत्तेच्या छायेत वाढलेली एखादी संस्था ती छाया सरल्यावर जगते की वाळून जाते, हा प्रश्न वसईच्या धर्मग्रामांनी दोनशे नव्हे, जवळजवळ तीनशे वर्षे आपल्या अंगावर वागवला आहे. धर्मग्राम हा शब्दही तिकडचाच. एका चर्चच्या छत्राखाली येणारी गावे आणि वाड्या मिळून एक धर्मग्राम होतो.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीने जेरीस आला असता त्याने १५३४ च्या अखेरीस वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. पुढची दोनशे पाच वर्षे उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेची राजधानी वसईच होती. किल्ल्याच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा निरनिराळ्या संघांची भव्य मंदिरे आणि मठ उभे राहिले. पण किल्ल्यातील हे वैभव मुख्यतः फिरंगी उमरावांचे होते. भूमिपुत्रांचा ख्रिस्ती समाज वाढला तो किल्ल्याबाहेर, केळीच्या आणि पानवेलींच्या बागांमध्ये. नंदाखाल येथील पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ चे, पापडी येथील कृपामाउलीचे १५७४ चे. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अर्ध्या शतकाहून अधिक अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या धर्मग्रामांच्या वयाचा अंदाज येतो.

ही धर्मांतरे कशी झाली, याविषयी आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. देवळे पाडली गेली, सत्तेचा धाक होता, सवलतींचे आमिषही होते. त्याबरोबरच शाळा चालवणारे, अनाथांना सांभाळणारे आणि लोकांची बोली शिकणारे धर्मोपदेशकही होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील कुटुंबे नव्या धर्मात गेली ती आपापल्या जातीचा बांधा, पोशाख आणि बोली बरोबर घेऊनच. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली पोर्तुगीज आडनावे मराठी जिभेवर घोळून घोळून निराळीच झाली. द आब्रेऊचे डाबरे झाले, आणि आज ते आडनाव ऐकणाऱ्याला त्यात लिस्बनचा वास येत नाही.

याच मातीत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइटांच्या शाळेत शिकून तो जपानला गेला, तेथे व्यापारात स्थिरावला, जपानी भाषेत पारंगत झाला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर खिळण्यात आले. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. वसईच्या किल्ल्यात सर्वत्र भग्न भिंती असताना एका जुन्या चर्चमध्ये आजही त्याच्या नावाचा उत्सव भरतो.

१७३९ साल उजाडले. चिमाजी अप्पांच्या फौजेने तीन महिने किल्ला वेढला, सुरुंग उडवले, हजारो माणसे गमावली आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी हत्यार खाली ठेवले. शरणागतीच्या अटी उदार होत्या. ज्यांना जायचे त्यांना मानाने जाऊ देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. चर्चमधल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरावर टांगलेली प्रचंड घंटा १७२१ सालची आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर १७०७ ची घंटा आहे आणि तिच्यावर बालयेशूला घेतलेल्या मरियेची आकृती उठवलेली दिसते. भीमाशंकरीही अशीच एक घंटा आहे. इतिहासाची पाने शाळेत जेवढे सांगत नाहीत तेवढे या घंटा एका टोल्यात सांगून जातात.

घंटा गेल्या, उमराव गेले, युरोपीय धर्मगुरू गेले. अनेक चर्चे ओस पडली. काही ख्रिस्ती कुटुंबांना शुद्ध करून पूर्वधर्मात घेण्याचे प्रयत्नही पेशवाईत झाले. असे असता हा समाज विरून का गेला नाही? केवळ श्रद्धेचे बळ, असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. पण श्रद्धेलाही टेकायला काही लागते. येथे तिला जमीन मिळाली. बागाईत करणारा माणूस आपली विहीर आणि रहाट सोडून जात नाही. सोयरिकी धर्मग्रामाच्या आतच होत असल्यामुळे नात्यांची वीण घट्ट होती. शिवाय गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंनी ही उपेक्षित मंडळी सांभाळली. या देशी पाद्रींची आठवण फारशी कोणी काढत नाही. खरे म्हणजे वसईचा ख्रिस्ती समाज फिरंग्यांनी स्थापला असला तरी टिकवला त्यांनी.

पुढे १८१८ च्या सुमारास इंग्रजांचा अंमल पक्का झाला, तरी कारभाराचा एक विचित्र गुंता उरलाच. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा जुना आश्रयाधिकार चालत असे. १८८६ च्या करारानंतर वसईचे धर्मग्राम दमणच्या धर्मप्रांतात गेले आणि १९२८ मध्ये तो मोडून मुंबईत विलीन होईपर्यंत तेथेच राहिले. याचा अर्थ असा की किल्ल्यावरील निशाण उतरल्यानंतरही १८९ वर्षे पोर्तुगालचा शब्द या गावांच्या धर्मकारणात कोठे ना कोठे लागत होता.

भाषेची कथाही अशीच वळणावळणाची आहे. देवघरात लॅटिन, धर्मगुरूच्या कागदपत्रांत पोर्तुगीज, आणि ओटीवर सामवेदी ऊर्फ कादोडी अथवा वाडवळी बोली, अशी तीन भाषांची उतरंड पिढ्यान्‌पिढ्या चालली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात लोकभाषेत उपासना करण्यास संमती दिली तेव्हा अनेक ठिकाणच्या चर्चना आपली लोकभाषा कोणती, हे ठरवावे लागले. वसईला तो प्रश्न पडला नाही. मराठी शाळा धर्मग्रामांतून केव्हाच रुजल्या होत्या, आणि ‘सुवार्ता’ मासिकाने वाचकही घडवला होता. मिस्सा मराठीत आली, ती जणू घरीच होती.

धर्मग्राम म्हणजे केवळ उपासना नव्हे, हेही येथे दिसते. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये सहकारी पतपेढी सुरू केली; तीच पुढे बसीन कॅथलिक बँक म्हणून नावारूपाला आली. केळी, सुकेळी, पाने, फुले, भाजी आणि दूध रेल्वेने मुंबईला जाई आणि संध्याकाळी पैसा गावात परते. लग्नात वाजतगाजत उंबराचे पाणी आणायचे, लाल लुगड्यातल्या आजीबाईंनी ओव्यांच्या चालीवर गाणी म्हणायची, वाडीच्या क्रुसापाशी जमून सांजेला प्रार्थना करायची, भाताची नवी लोंबी आधी वेदीवर न्यायची. यात कोठले पूर्वापार आणि कोठले बाप्तिस्म्यानंतरचे, हे निवडत बसणाऱ्याच्या हाती भुसाच अधिक येईल.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस या समाजावर जे संकट आले त्याला ना राजा होता ना निशाण. मुंबई उत्तरेकडे सरकत होती; बागाईत जमिनी इमारतींसाठी खुल्या होऊ लागल्या, विहिरींचे पाणी टँकरमध्ये उपसले जाऊ लागले. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी नंदाखालचेच सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. या लढ्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान एकत्र चालले. ज्या जमिनीने अठराव्या शतकात धर्मग्राम तारला होता, तीच वाचवण्याची आता पाळी आली होती. लढ्याला यश आले ते अर्धेमुर्धे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि गावे वगळण्याचा वाद पुढेही चालू राहिला.

वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे, म्हणजे द आब्रेऊंच्या वळणाचे. पापडीच्या चर्चला महामंदिराचा मान मिळाला. तुकोबांचा अभ्यास करणारे आणि बायबल सुबोध मराठीत आणणारे दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे, आजच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरूचा झगा घालणाऱ्याला हा मान द्यावा का, यावर थोडी कुरबुरही झाली. त्या व्यासपीठावरून ते मराठीत बोलले, अर्थातच. दुसरी कोणती भाषा त्यांची होती? २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले आणि अखेरचा निरोप देण्यासाठी माणसे जमली ती नंदाखालच्या चर्चमध्ये. आत मिस्सा मराठीत चालली होती.