लहान चाकाचा हिशेब : बार्शी लाइट ते सोळा इंची सायकल

१/
शहरात रोज कामावर जाण्यासाठी सोळा इंची चाकांची सायकल बांधायची म्हटले, की पहिली शंका ठरलेली असते : एवढ्याशा चाकांवर मोठा माणूस जाणार कसा? ही शंका सायकलीपुरती नाही. लहान चाक, हलकी रचना आणि पूर्ण आकाराचे काम यांचा मेळ बसतो का, हा यंत्रविद्येतील जुना प्रश्न आहे. त्याचे एक उत्तम उत्तर १८९७ साली बार्शीत रुळांवर धावू लागले. सायकलीला ते उत्तर सापडायला १९६२ साल उजाडावे लागले.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्शी ही कापूस आणि गळिताच्या धान्यांची नामांकित पेठ होती. पण जीआयपी रेल्वेचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मार्ग बार्शीला बगल देऊन कुर्डुवाडीवरून गेला. कुर्डुवाडीच्या स्थानकाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. प्रत्यक्ष बार्शी तिथून सुमारे ३५ किलोमीटर दूर. गाठोडी बैलगाडीत लादायची आणि स्थानकापर्यंत हाकायची, हा व्यापाऱ्यांचा क्रम होता. पावसाळ्यात काळ्या मातीतील गाडीवाटा काय रूप धारण करतात, ते सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको.

३/
जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी १८८२ साली हिंदुस्थानात आलेला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता या अंतराकडे वेगळ्या नजरेने पाहत होता. १८८७ च्या सुमारास त्याने बार्शीला जोडणाऱ्या हलक्या रेल्वेची कल्पना मांडली. कंपनी उभी राहायला १८९५ साल उजाडले. दोन वर्षांनी गाडी सुरू झाली. मुख्य मार्गावर दोन रुळांमधील अंतर होते ५ फूट ६ इंच. बार्शीच्या मार्गावर ते अवघे २ फूट ६ इंच, म्हणजे निम्म्याहूनही कमी. भराव अरुंद, वळणे आखूड, पूल हलके. म्हणून खर्चही कमी.

४/
पण रूळ जवळजवळ टाकले की रेल्वे स्वस्त झाली, एवढे ते सोपे नव्हते. कॅल्थ्रॉपची खरी कल्पना आसावरील भाराविषयी होती. रूळ किती मजबूत हवा, हे गाडीच्या एकूण वजनावरून ठरत नाही. एका आसावर जास्तीत जास्त किती भार येतो, यावरून ठरते. समजा, इंजिनाच्या आसावर ८ टन आणि डब्याच्या आसावर ३ टन भार आहे. अशा वेळी डब्यांसाठी गरज नसताना सारा मार्ग ८ टनांच्या मापाने बांधावा लागतो.

५/
म्हणून त्याने सर्वांना एकच मर्यादा लावली : इंजिन असो वा वाघीण, एका आसावर ५ टन. इंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटले. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांशी जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार चाके होती. वाघिणींना दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या हलक्या चौकटी दिल्या. चार आसांची वाघीण मालासकट २० टनांपर्यंत जाऊ शकत होती, आणि खालचा रूळ मात्र यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा. हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी या गाड्यांची लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम बांधलेल्या मार्गावर चाचणी झाली.

६/
हा मार्ग १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचला. एकूण लांबी ३०० किलोमीटरांहून अधिक झाली. व्यापाऱ्याच्या गाठोड्यांबरोबर वारकऱ्यांचे टाळमृदंगही या गाडीने वाहिले. ‘बार्शी लाइट’ या नावातील ‘लाइट’ म्हणजे दुबळी नव्हे, तर भार हिशेबाने वाटलेली. हा हिशेब लक्षात ठेवून आता सायकलीकडे वळू.

७/
सायकलीच्या चाकाचा आकार आरंभी माणसाच्या पायाने ठरवला. १८७० च्या दशकातील उंच सायकलीत पायटे थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा, तर चाक मोठे हवे. म्हणून ते वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत पोहोचले. पडणाराही तितक्याच उंचीवरून पडे. १८८५ साली जॉन केंप स्टार्लीच्या ‘रोव्हर’ने साखळीच्या मदतीने मागचे चाक फिरवून दोन्ही चाके जवळपास सारख्या मापाची केली. १८८८ साली डनलपचा हवेचा टायर आला. त्याच १८८८ सालाशी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सायकल दुकानाचा आरंभ जोडला जातो. पुढच्या किर्लोस्कर उद्योगाचे मूळ ते हेच.

८/
साखळी आल्यावर चाक मोठेच असण्याची सक्ती संपली होती. तरीही २६ आणि २८ इंची चाकांचेच राज्य चालू राहिले, आणि त्यामागे नुसती सवय नव्हती. लहान चाकाचे दोन दोष खरे आहेत. एक : ज्या खड्ड्यावरून मोठे चाक सरकून जाते, त्यात लहान चाक खोल उतरते आणि काठ चढताना जोराचा दणका देते. दोन : टायर आणि त्यातील हवा सारखीच ठेवली, तर लहान चाकाला रस्त्याचा रोध अधिक होतो. आपल्याकडे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांनी २८ इंची दांडीची सायकल पत्करली, ती खडीचे आणि मातीचे रस्ते पाहूनच.

९/
तिसरा आक्षेप मात्र खोटा आहे : ‘लहान चाकाला पाय जास्त मारावे लागतात.’ हिशेब करून पाहू. २८ इंची चाक, पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १८. पायट्याच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर जाते. आता १६ इंची चाक घ्या. पुढे ५६ दाते, मागे १२. अंतर तेच, सुमारे ६ मीटर. एका किलोमीटरला मोठे चाक सुमारे ४५० वेळा फिरते आणि लहान चाक सुमारे ७८० वेळा, हे खरे; पण तो जादा फेरा चाकाचा आहे, पायाचा नाही.

१०/
उरलेल्या दोन खऱ्या दोषांना उत्तर दिले ते ॲलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्याने. तो रबराचा जाणकार. १९५९ साली आलेल्या ‘मिनी’ मोटारीची रबरी स्प्रिंग त्याचीच. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा त्याचे लक्ष सायकलीकडे गेले. १९६२ साली त्याने लंडनच्या प्रदर्शनात १६ इंची चाकांची सायकल मांडली. रोध कमी करण्यासाठी अरुंद टायरात भरपूर दाबाची हवा. अशा टायरचा दणका हातापाठीला बसू नये, म्हणून पुढे व मागे रबरी स्प्रिंग. आडवी दांडी काढून चौकट खाली आणली; त्यामुळे साडी, स्कर्ट वा पँट, कोणताही पोशाख चालेल आणि एकच सायकल घरातील सर्वांच्या उंचीला जुळेल. चाकांवर रिकाम्या झालेल्या जागेत सामान, तेही खाली, तोल न बिघडवता.

११/
त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन वुडबर्न या सायकलपटूने मोल्टनच्या सायकलीवरून कार्डिफ ते लंडन या मार्गाचा विक्रम मोडला. लहान चाक म्हणजे खेळणे, ही समजूत रस्त्यावरच खोटी ठरली. पुढची घटना अधिक बोलकी आहे. मोल्टनची कल्पना आधी नाकारणाऱ्या रॅले कंपनीने १९६५ साली स्वतःची १६ इंची सायकल काढली. तिने चाक लहान घेतले आणि स्प्रिंग गाळली; दणका सोसण्यासाठी जाड, कमी हवेचे टायर बसवले. दणका थोडा कमी झाला, पण रोध वाढला आणि सायकल चालवायला जड झाली. अखेर १९६७ साली रॅलेने मोल्टनचा सायकल व्यवसायच विकत घेतला.

१२/
इथे बार्शीचा हिशेब पुन्हा भेटतो. नुसते रूळ जवळ आणून हलकी रेल्वे होत नाही, तसे नुसते चाक लहान करून शहराची सायकल होत नाही. चाक बदलले की दात्यांचे प्रमाण बदलावे लागते, टायरचा दाब बदलावा लागतो, स्प्रिंग द्यावी लागते. आसनाखालची व हँडलची नळी लांब होते, म्हणून तिच्या सांध्यावरचा ताण मोजावा लागतो. लहान चाकाचे हँडल चटकन वळते, म्हणून पुढच्या चिमट्याचा बाक नव्याने ठरवावा लागतो. हे सारे साधले, की लाभही पदरात पडतात : आखूड तारांचे मजबूत, हलके चाक, सिग्नल सुटताच झटकन वेग, आणि ठेवायला थोडी जागा.

१३/
मात्र बार्शी लाइटची एक दुखरी जागा होती : कुर्डुवाडी. लहान गाडी तिथे संपे आणि मोठी सुरू होई. एकीची वाघीण दुसरीच्या रुळांवर जात नसे. पुढे जाणारा माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. कॅल्थ्रॉपला हा दोष ठाऊक होता. १९०४ साली सुरू झालेल्या इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड या त्याच्या दुसऱ्या अरुंद मार्गावर मोठी वाघीण उचलून पाठीवर घेणाऱ्या खास वाघिणी वापरल्या गेल्या. सायकलीत हाच पेच अँड्र्यू रिची याने १९७० च्या दशकात लंडनमध्ये उलट्या बाजूने सोडवला : त्याची १६ इंची ‘ब्रॉम्प्टन’ घडी होऊन हातातल्या सामानासारखी गाडीत चढते. नोकरदाराला स्थानकावर वाहन बदलावे लागते. सायकल मागे सोडावी लागत नाही.

१४/
बार्शी लाइटला तशी घडी घालता येणे शक्य नव्हते. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली आणि पुढे टप्प्याटप्प्याने मार्ग रुंद झाला. कुर्डुवाडी-बार्शी-लातूर हा पट्टा २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. जुन्या गाडीविषयी हळहळणाऱ्यांनी एप्रिल २०१६ आठवावा. दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेले, ते पंढरपूर आणि कुर्डुवाडीमार्गे, याच रुंद झालेल्या मार्गाने. टाक्यांच्या वाघिणी राजस्थानातील कोट्याहून आल्या होत्या. रूळ २ फूट ६ इंचांचे राहिले असते, तर त्या वाघिणी कुर्डुवाडीपुढे लातूरकडे सरकल्याच नसत्या.

१५/
म्हणून लहान चाकाचा इतिहास हा ‘लहान ते सुंदर’ असा भाबडा नाही आणि ‘मोठ्याने लहानाला गिळले’ असा कडवटही नाही. बार्शीला रेल्वे मिळाली ती लहान होती म्हणूनच. मोठ्या रेल्वेची वाट पाहिली असती, तर बैलगाड्या आणखी कित्येक वर्षे चिखलात रुतत राहिल्या असत्या. लहान साधन जिथे मोठ्याला भेटते, तिथली गाठ सुटली नाही, तेव्हाच ते मागे पडले. शहरासाठी सोळा इंची सायकल बांधू पाहणाऱ्याने हे दोन्ही धडे घ्यावेत : लहान चाकाभोवती सारी सायकल नव्याने मांडावी, आणि ती लोकलच्या दारात, जिन्यात, कचेरीच्या कोपऱ्यात कशी मावेल, हे पहिल्या रेघेपासून ठरवावे.