खेळातील संदेशाचे बळ : काठीच्या होळीवरून एक तुलनात्मक विचार

खेळ हा केवळ मनोरंजनाचा विषय नसून त्यातून समाज आपली मूल्ये पुढील पिढीस देत असतो, हे आता सर्वमान्य आहे. प्रश्न उरतो तो असा की, एखाद्या खेळातील संदेश किती बलवान आहे हे ओळखावे कसे? त्यासाठी प्रस्तुत लेखात एक साधी कसोटी सुचविली आहे. खेळावरील नावे व चित्रे पुसून टाकावीत आणि मग काय उरते ते पाहावे.

प्रथम मोक्षपट घेऊ. मराठी परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. घरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे असत; शिडी वर नेई, साप खाली आणी. परंतु चढउतार ठरविणारे फासेच होते, खेळणाराचे आचरण नव्हे. म्हणून इंग्लंडमार्गे तो नुसत्या आकड्यांची सापशिडी झाला तेव्हा नियम कायम राहूनही उपदेश नाहीसा झाला.

याउलट अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी हिने १९०४ साली पेटंट घेतलेल्या ‘लँडलॉर्ड्‌स गेम’चा आशय नियमांत होता. जमिनीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखविणे हा तिचा हेतू. पुढे त्यास संपत्ती सर्वांत वाटली जाणारी दुसरी नियमावलीही जोडली गेली. १९३५ साली बाजारात आलेल्या ‘मोनोपॉली’त मक्तेदारीचीच नियमावली तेवढी उरली आणि निषेधाचा खेळ मक्तेदारीच्या हौसेचा झाला.

व्हिडिओ गेमांनाही हीच कसोटी लागू पडते. अमेरिकी सैन्याने २००२ साली काढलेल्या ‘अमेरिकाज आर्मी’त प्रत्येक खेळाडूस स्वतःचा पक्ष अमेरिकी सैनिकांचाच दिसे, समोरचा तेवढा शत्रू. २००३ च्या ‘सप्टेंबर ट्वेल्फ्थ’मध्ये क्षेपणास्त्र सोडताच निरपराध माणसे मरतात व शोक करणाऱ्यांतून नवे दहशतवादी निर्माण होतात, जिंकणे असे त्यात नाहीच. दोहोंची मते परस्परविरुद्ध. परंतु दोन्ही आपले म्हणणे उपदेशाने नव्हे, तर रचनेने पटवितात.

आता काठीकडे वळू. आज नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात असलेले हे गाव पूर्वी पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एकाचे ठाणे होते. येथील राजवाडी होळीत मोरपिसांचे टोप, भोपळे व घुंगरू ल्यालेले भिल्ल पुरुष रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. पाहुण्यास वेष दिसतो. व्रत दिसत नाही. सोंग घेणाऱ्यास काही दिवस ब्रह्मचर्य पाळावे लागते, जमिनीवर निजावे लागते. येथे कोणी प्रवचन करीत नाही. संयमाचा संदेश खेळात उतरण्याच्या अटीतच आहे.

म्हणून आमच्या मते काठीच्या होळीचे बळ मोक्षपटाहून अधिक ठरते. मात्र तिला धोकाही तेथेच आहे. छायाचित्रांसाठी व पर्यटकांसाठी वेष तेवढा राहिला आणि व्रत गळाले, तर तिचीही सापशिडी होईल. ही परंपरा जतन करू पाहणाऱ्यांनी टोप व घुंगरू यांच्याआधी तिचे नियम नोंदवून ठेवावेत, हे उत्तम.