नमुना उतरवताना

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची आणि कंपन्यांची नावं भरपूर येतात. पण लोक ज्यावरून शिकले त्या नमुन्याच्या कोडबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून आज त्याविषयी थोडं.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये ॲक्सेस बाजारात आणलं. त्यासोबत 'नॉर्थविंड' या काल्पनिक व्यापारी पेढीचा नमुना डेटाबेस मिळायचा. ॲक्सेस ९७ मधला नॉर्थविंड उघडला की आधी स्वागताचा फॉर्म यायचा. त्यावर एक चौकट होती: हा फॉर्म पुन्हा दाखवू नका. तिथे खूण केली की पुढच्या वेळेपासून थेट मुख्य मेनू.

ही खूण लक्षात ठेवण्यासाठी वेगळं टेबल नव्हतं. फॉर्म बंद होताना कोड चौकट पाहायचा आणि डेटाबेसच्या 'स्टार्टअपफॉर्म' या गुणधर्मात नाव लिहायचा. खूण असेल तर 'मेन स्विचबोर्ड', नसेल तर 'स्टार्टअप'. किती सोपी युक्ती! साहजिकच अनेकांनी ती आपल्या डेटाबेससाठी उचलली.

पण नुसतं उचलून भागत नसे. एक तर दोन्ही फॉर्मची नावं बदलायला हवीत. दुसरं, नव्या डेटाबेसमध्ये हा गुणधर्म आधी नसतोच, मग ३२७० क्रमांकाची त्रुटी येते. ती पकडून गुणधर्म तयार करणाऱ्या ओळी मूळ कोडमध्ये होत्या. 'जास्तीच्या' समजून त्या गाळल्या की संपलं. तिसरं, ॲक्सेस २००० मध्ये नव्या डेटाबेसला डीएओ लायब्ररी आपोआप जोडलेली नसे. ती स्वतः जोडावी लागे, नाहीतर कोड पहिल्याच पायरीवर अडायचा.

आणखी एक गंमत. नॉर्थविंडचा कोड आधी विचारायचा, हा डेटाबेस दुसऱ्याची प्रतिकृती तर नाही ना? प्रतिकृतींची ही सोय ॲक्सेस ९५ मध्ये आली, २००७ च्या नव्या फाइल-प्रकारात नव्हती आणि २०१३ मध्ये पूर्णच गेली. ज्यांनी कधी प्रतिकृती केलीच नाही, त्यांच्याही कोडमध्ये हा प्रश्न मात्र उतरला.

पुस्तकातलं नमुना पत्र उतरवताना खालची 'अ. ब. क.' ही सहीसुद्धा तशीच ठेवणारी मुलं मी वर्गात खूप पाहिली. उतरवण्याला माझा कधीच विरोध नव्हता, आपण सगळे तसेच शिकलो. मी एवढंच विचारत असे, यातली कुठली ओळ तुझी आणि कुठली पुस्तकाची? ज्याला ते सांगता येई, त्याला पुढचं पत्र स्वतः लिहिता येई. कोडचंही तसंच असावं.