उन्हाळ्याची बेगमी : दख्खनचे दुष्काळ आणि कडब्याचा हिशेब

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. पंधराव्या शतकातला तो दुष्काळ, बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे, ती भुकेल्यांसाठी खुली करणारा अधिकारी आणि विठू महाराच्या रूपात त्याच्या मदतीला धावलेला पंढरीनाथ. या कथेत कोठार आहे, धान्य आहे, मोहरा आहेत, माणसे आहेत. बैल नाही. कोठार उघडल्यावर माणसे जगली. त्यांच्या दावणीला बांधलेल्या जनावरांनी तो उन्हाळा कसा काढला, हे कथा सांगत नाही.

हीच उणीव पुढे आपल्या दुष्काळांच्या लेखी इतिहासातही उतरली, असे मला वाटते. आपण पावसाचे इंच मोजले, धान्याचे भाव मोजले, मदतीच्या कामांवरची हजेरी मोजली. कडबा मोजला नाही. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात एका वर्षाचा दुष्काळ दोन-तीन वर्षांचा का होई, याचे उत्तर धान्यापेक्षा वैरणीत अधिक सापडते. आणि वैरणीची कसोटी पावसाळ्यात लागत नाही, ती फाल्गुनापासून आषाढापर्यंतच्या उन्हाळ्यात लागते.

हा पट्टा सह्याद्रीच्या पावसाच्या छायेतला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवरच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) दक्षिणेकडचे तालुके, बीडचा आष्टी-पाटोदा भाग, सगळा मुलूख या छायेत येतो. यातल्या भारी काळ्या रानांत मृगावर पेरणी होत नाही. पावसाळाभर रान कुळवून मोकळे ठेवायचे, उत्तरा-हस्ताचा पाऊस जमिनीत मुरवायचा आणि त्या ओलीवर ज्वारी पेरायची. जून-जुलै कसाही गेला तरी हत्तीचा पाऊस चुकता कामा नये. ही ज्वारी माघ-फाल्गुनात निघते. म्हणजे दाणा आणि कडबा दोन्ही घरात येतात ते नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर.

तिथून पुढचा हिशेब सोपा आहे, पण तो कागदावर क्वचित मांडलेला दिसतो. बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण धरली, तर एका जोडीला चार महिन्यांत दोन टनांहून जास्त लागते. कोरडवाहू ज्वारीत बऱ्या वर्षी एकरी पाऊण ते एक टन कडबा निघतो. म्हणजे केवळ उन्हाळा पार पाडायला एका जोडीमागे दोन-तीन एकरांचा कडबा गंजीला लागला पाहिजे. गाय, म्हैस, वासरे वेगळी. मृग वेळेवर आला तरी नवे गवत जनावराच्या तोंडी लागायला आषाढ उजाडतो. मृग लांबला की गंजी तळाला जाते. पूर्वी घरात सोयरीक ठरवताना गंजी पाहत, असे जुनी माणसे सांगतात. त्यात मला काही नवल वाटत नाही.

याच उन्हाळ्यात बैलाकडून वर्षातले सर्वांत जड काम घेतले जाई. काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते. हरळी आणि कुंदा ही दोन चिवट तणे मोडायची तर खोल नांगरट करून मुळ्या उन्हात तापवाव्या लागत. जुना लाकडी नांगर ओढायला सहा-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरी नसत, म्हणून इर्जिक, सावड, वारंगुळा या रीती. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. याचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. गावातल्या चार घरांचे बैल मेले की नुकसान चार घरांपुरते राहत नसे. ज्यांचे बैल जगले त्यांचाही नांगर उभा राहत असे.

उन्हाळ्याच्या हवेचे दोन्ही तोंडांनी नुकसान होते. वळवाचा एखादा पाऊस नांगरटीला मऊपणा देतो, विहिरीला थोडा धीर देतो. पण तोच पाऊस उघड्या गंजीत शिरला की कडबा काळा पडतो, बुरशी धरतो आणि जनावर त्याला तोंड लावत नाही. वळवावर माळाला हिरवा पापुद्रा येतो, मग पंधरा दिवसांच्या उन्हात तो करपतो. त्या भुरळीने माळावर सोडलेली जनावरे उगवती गवते बुडासकट खातात, आणि खरा पाऊस आला की तिथे उगवायला काही उरत नाही. खरिपाच्या भागात आणखी एक धोका असतो. पेरणीनंतर पावसाने ताण दिला की खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होते, आणि उपाशी जनावर त्याच रानात आधी घुसते.

कडबा हा उन्हाळ्याचा एक आधार. दुसरा आधार गवताचा. गायरान गावाचे, कुरण राखीव. पेशवाईत घोडदळासाठी कुरणे राखली जात. शिरूर तालुक्यातले आळेगाव पागा किंवा जुन्नरकडचे कुरण ही गावांची नावेच त्या व्यवस्थेची साक्ष देतात. मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवते फुलोऱ्यावर असताना कापली तर वैरण सकस होते. कुरण फार चारले किंवा वारंवार जाळले तर ही गवते हटतात आणि कुसळी माजते. कुसळीची कुसळे पिकल्यावर जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत घुसतात. ती वैरण असून नसल्यासारखी.

१८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगरउतारांवरची बरीच चराऊ जमीन जंगल खात्याच्या ताब्यात गेली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्यावर जो राग काढला आहे, तो पुष्कळांना केवळ नोकरशाहीवरचा राग वाटतो. त्याला वैरणीची बाजू आहे. शेतकऱ्याच्या चार शेरडा-गुरांची चराईची जागा गेली, म्हणजे त्याच्या उन्हाळ्याचा दुसरा आधार गेला, हे फुल्यांनी ओळखले होते. ते लिहिले गेले १८८३ च्या सुमारास, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या जखमा अजून ओल्या असताना.

तो मोठा दुष्काळ १८७६-७८ चा. १८७६ साली सुरुवातीचा पाऊस अपुरा झाला, पण घात केला तो सप्टेंबर-ऑक्टोबरने. उत्तरा-हस्त कोरडी गेली आणि सोलापूर, अहमदनगर, पुणे जिल्ह्यांच्या पूर्वभागात रब्बीची पेरणीच बहुतेक झाली नाही. धान्य बाहेरून आणता येत होते. १८७७ चा फाल्गुन आला तेव्हा गंजीच नव्हती. ज्यांना शक्य होते त्यांनी जनावरे मोगलाईत, वऱ्हाड-खानदेशाकडे किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला हाकली. १८७७ च्या पावसाळ्याने सुरुवातीला आशा लावली, मग जुलै-ऑगस्टात दडी मारली. दिलासा मिळाला तो सप्टेंबरात. पाऊस आला तेव्हा तिफण ओढायला बैल कुठे होते? जे होते ते हाडांचे सापळे होते. पुढे १८७९ मध्ये उंदरांनी उभी पिके फस्त केली, त्याची वर्णने जुन्या गॅझेटियरांत आहेत.

सरकारने या दुष्काळात रेल्वे बांधली. दौंड-मनमाड मार्ग हे दुष्काळी काम होते आणि तो १८७८ मध्ये सुरू झाला. रेल्वेमुळे धान्य हलू लागले हे खरे. पण एक टन धान्य दोन हजार माणसांना एक दिवस पुरते, माणशी अर्धा किलो धरून. एक टन कडबा शंभर-सव्वाशे बैलांना एक दिवस पुरतो. वैरण अवजड, जागा खाणारी. व्यापाऱ्याला ती लांबून आणणे कधीच परवडले नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात कोकणपट्टीच्या जंगलांतले गवत कापून, दाबून, गासड्या बांधून रेल्वेने पाठवण्याचा उद्योग सरकारने केला. त्या वर्षी जनावरांचा सर्वांत मोठा संहार गुजरातेत झाला.

बैल गेला की पुढचे वर्षही जाते, हे राज्यकर्त्यांना अगदीच कळले नव्हते असे नाही. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्यात बियाणे आणि जनावरे घेण्यासाठी तगाईची तरतूद झाली. मात्र तगाई मिळे ती बैल मेल्यावर. बैल मरू नये म्हणून उन्हाळ्यात वैरण उधार देणारी सोय सावकाराकडेही नव्हती आणि सरकारकडेही. शिवाय बाजाराची चाल उलटी. वैरण संपली की कडब्याचा शेकडा चढतो आणि खरसुंडी, सांगोला, पंढरपूरच्या बाजारात खिलार जोडी मातीमोल होते. पाऊस पडला की दोन्ही भाव उलट फिरतात. शेतकरी स्वस्तात विकतो आणि महागात घेतो, तेही तीन महिन्यांच्या अंतराने.

या चक्रातून निराळी वाट काढली ती धनगरांनी. कळप घेऊन दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरायचे आणि मृगाच्या आधी घाट चढून देशावर परतायचे. वैरण जनावराकडे आणण्याऐवजी जनावर वैरणीकडे न्यायचे. वाटेत शेतात मेंढरे बसवून खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. शेती-अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी याकडे फारसे पाहिले नाही, ते लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी पाहिले.

शेतीच्या बाजूने नीट पाहणारे दोन अभ्यासक मात्र होते. हॅरॉल्ड मान आणि नारायण कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला. मान यांचा पिंपळे सौदागरवरचा पहिला अभ्यास १९१७ चा, तो अधिक गाजला. मला जातेगावचा जास्त मोलाचा वाटतो, कारण ते कोरडवाहू गाव आहे. तिथली बहुसंख्य कुटुंबे केवळ जमिनीच्या उत्पन्नावर तग धरू शकत नव्हती, हे त्यांनी घरोघरच्या हिशेबातून दाखवले. कानिटकर पुढे जिराईत संशोधनाकडे वळले. १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, कुळवाच्या पाळ्या, असा सगळा भर हस्ताची ओल फाल्गुनापर्यंत टिकवण्यावर होता. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रातून निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आली. उंच धाट, गोड कडबा, मोत्यासारखा दाणा.

मग १९७२. त्याच्या नऊ वर्षे आधी, १९६३ मध्ये, महाराष्ट्राने कायदा करून राज्यातल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला होता. त्याच्या जागी ‘टंचाई’ आली. १९७२-७३ मध्ये राज्याने माणसे वाचवली, यात शंका नाही. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख लोक खडी फोडण्याच्या, तलावांच्या, रस्त्यांच्या कामांवर होते. सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन त्या पिढीने दिवस काढले. हे जगातले एक मोठे यश आहे आणि ते तसे सांगितले गेले पाहिजे. पण दावणी रिकाम्या झाल्या, त्याची हजेरी कुठल्याच मस्टरवर लागली नाही.

टंचाई ठरवण्याचे आपले माप पैसेवारीचे, म्हणजे जुन्या आणेवारीचे. पन्नास पैशांच्या आत आले तर गाव टंचाईग्रस्त. ही पैसेवारी पिकाच्या उताऱ्यावर काढतात. कडब्याला, गायरानाला त्यात वेगळी जागा नाही. रब्बी गावांची अंतिम पैसेवारी मार्चात लागते, तोवर गंजीचे भवितव्य ठरून गेलेले असते. २०१६ च्या दुष्काळ संहितेने उपग्रहावरून हिरवेपणा मोजायला सुरुवात केली आणि त्या निकषांवर ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके जाहीर झाले. हे माप पूर्वीपेक्षा लवकर बोलते. तरी वरून दिसणारा हिरवेपणा वेड्या बाभळीचाही असतो आणि उसाचाही.

ऊस म्हटला की छावण्या आठवतात. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात माण, सांगोला, बीड, अहमदनगर भागात चारा छावण्या उभ्या राहिल्या. तिथे जनावरांपुढे पडत होता तो बहुतेक ऊसच, नाहीतर उसाचे वाढे. म्हणजे कोरडवाहू माळाची तूट धरणाच्या पाण्यावरच्या पिकाने भरून काढायची, आणि तेही धरणे तळाला गेलेली असताना. छावणीवर टीका सोपी आहे. भ्रष्टाचाराच्या बातम्याही आल्या. पण घरातले एक माणूस जनावरांसोबत छावणीत राहते, दूध तिथेच विकते आणि जोडी शाबूत ठेवून मृगाला घरी परतते, ही गोष्ट १८७७ मध्ये कुणाच्या नशिबी नव्हती.

आता दावणीला बैल कमी आणि संकरित गायी जास्त आहेत. नांगरट ट्रॅक्टर करतो. तेव्हा वैरणीचा प्रश्न सुटला का? उलट तो घट्ट झाला. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ पासून खरिपाच्या संकरित ज्वाऱ्या बुटक्या होत गेल्या. दाणा वाढला, कडबा घटला. मग ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, त्याचा भुसा म्हणजे कडबा नव्हे. संकरित गाय वैशाखातले ऊन सोसत नाही, तिचे दूध आटते, आणि तिला खिलार बैलासारखे अर्धपोटी ठेवून चालत नाही. बैल उन्हाळ्यात उपाशी राहिला तर पुढच्या पेरणीचे नुकसान होई. गाय उपाशी राहिली तर त्याच आठवड्याच्या दूधबिलात ते दिसते.

२०२५ चा मे तर उलट्या बाजूने आला. पाऊस इतक्या लवकर आणि इतका पडला की मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत पोचले. नांगरटी राहून गेल्या, ढेकळे तापली नाहीत, आणि ताडपत्री घालायला उसंत न मिळालेल्या गंजी भिजल्या. पावसाच्या नोंदीत तो महिना विक्रमी म्हणून राहील. रब्बीच्या पट्ट्यात संकरित वाण वरचेवर आले आणि मागे पडले. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत आजही मालदांडीच पेरतात. बी निवडताना कणसाबरोबर धाटाची उंचीही पाहतात.