सांक्ट पाउली

जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदरशहराचा एल्ब नदीच्या उत्तर काठावरील भाग. रेपरबान हा सुमारे ९३० मी. लांबीचा रस्ता व त्यालगतच्या गल्ल्या यांतील रात्रजीवनासाठी प्रसिद्ध.

इतिहास : हॅम्बुर्गची तटबंदी आणि १८६४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली असलेले आल्टोना यांच्या मधोमध ही वस्ती वाढली. शहराला तटाच्या आत नको असलेले सारे येथे आले : साथीच्या रोग्यांचे रुग्णालय, खेळवाल्यांचे तंबू, आणि लांब सरळ जागेशिवाय ज्यांचे काम होत नसे ते जहाजांचे दोरखंड वळणारे कारागीर. १८३३ मध्ये भागाला सध्याचे नाव मिळाले. रात्री वेशीचे दरवाजे बंद करण्याची प्रथा १८६० च्या अखेरपर्यंत चालू होती.

रात्रजीवन : बंदरात उतरणारे खलाशी हे येथील दारूचे गुत्ते, नाचघरे आणि वेश्याव्यवसाय यांचे मुख्य गिऱ्हाईक. ऑगस्ट १९६० पासून बीटल्स हा इंग्लिश वाद्यवृंद ग्रोसे फ्रायहाइट गल्लीतील इंद्रा व कायझरकेलर या क्लबांत रात्र-रात्र वाजवीत असे. तेथीलच स्टार-क्लब १९६२ ते १९६९ चालला. १९६८ मध्ये कंटेनर-जहाजे येऊ लागल्यावर बोटींचा मुक्काम तासांवर आला आणि खलाशी ओसरले. त्यांची जागा पर्यटकांनी घेतली. फ्रिट्झ शूमाखर यांनी रचलेली डाविडवाखे ही विटांची पोलीस चौकी मात्र १९१४ पासून तशीच गजबजलेली आहे.

सार्वजनिक कला : रेपरबानच्या टोकाला २००८ मध्ये झालेला बीटल्स चौक ध्वनिमुद्रिकेसारखा गोल व काळा असून त्याचा व्यास २९ मी. आहे. वादकांच्या आकृत्या पोलादी बाह्यरेषांच्या, आतून पोकळ आहेत; लोक त्यांत उभे राहून छायाचित्रे काढतात. ड्रमवादक पीट बेस्ट की रिंगो स्टार, हे मुद्दाम मोघम ठेवले आहे, तर सुरुवातीचा बासवादक स्टुअर्ट सटक्लिफ याची आकृती बाजूला उभी आहे. नट-गायक हान्स आल्बर्स यांचा पुतळा यर्ग इमेनडोर्फ यांनी १९८६ मध्ये घडविला. १९११ च्या एल्ब बोगद्याच्या भिंतींवर नदीतील जीवांची चिनीमातीची उठावचित्रे आहेत.

सर्वांत वेगळा प्रयोग ‘पार्क फिक्शन’चा. नदीकाठची मोकळी जागा इमारतींना देण्याचा बेत होता. १९९० च्या दशकात रहिवासी व कलावंत यांनी त्याला नुसता विरोध न करता तेथे काय हवे याचे आराखडे घरोघर गोळा केले. १९८१ पासून रिकामी घरे बळकावून राहिलेल्या हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरील तरुणांच्या लढ्याचा अनुभव गाठीशी होता. प्रकल्प २००२ मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा ११’ या कलाप्रदर्शनात मांडला गेला आणि नंतर बाग उभी राहिली. पत्र्याची ताडाची झाडे व लाटेसारखी हिरवळ ही तिची ओळख. पुढे जागांच्या किमती वाढल्या, तसे भाडेवाढीविरोधी आंदोलनही या परिसराचे ठळक लक्षण बनले.